जुन्या पुस्तकावरून ८०८५ची असेंब्ली: आधी पुस्तकाचं यंत्र ओळखा

जुन्या पुस्तकावरून असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांची भाषा, शिकायला बसलेली बरीच मंडळी पहिल्या आठवड्यातच थांबतात. पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा किटमध्ये, म्हणजे सरावाच्या छोट्या सर्किट बोर्डात, भरला, 'गो' दाबलं, आणि डिस्प्लेवर कचरा आला. मग वाटतं आपल्याला जमत नाही, किंवा पुस्तकच चुकीचं आहे. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. पुस्तक एका ठरावीक यंत्रासाठी लिहिलेलं असतं, त्याची मेमरी कुठून सुरू होते, घड्याळ किती वेगाचं आहे, प्रोग्रॅम संपल्यावर ताबा कुणाकडे जातो हे सगळं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि आपल्यासमोरचं यंत्र वेगळं असतं. म्हणून पहिलं काम प्रोग्रॅम लिहिण्याचं नाही. पुस्तकाचं यंत्र कुठलं आणि आपलं कुठलं, हे ओळखायचं.

इथे ८०८५ हा इंटेलचा जुना प्रोसेसर धरून चाललो आहोत. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांत कित्येक वर्षं हाच शिकवला गेला, त्यामुळे त्याची पुस्तकं आणि किट ठाणे-नवी मुंबईत अजून हाती लागतात. शेवटी तोच प्रोग्रॅम झेड-८० या दुसऱ्या प्रोसेसरवर, म्हणजे तो असलेल्या स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर नेऊ. एक खूण सांगून ठेवतो: सगळे पत्ते आणि बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, आहेत, आणि हेक्समधली अक्षरं ए ते एफ देवनागरीतच लिहिली आहेत. '३ई' म्हणजे तीन आणि ई. मोजदाद (किती बाइट, किती फेरे) आणि शेवटच्या स्पेक्ट्रमच्या भागात भरायचे आकडे, पत्ते आणि उत्तरं मात्र दशमान आहेत.

पुस्तक आणि किट कुठून

परीक्षा संपल्या की, मे-जूनमध्ये, ऐरोली, नेरुळ, खारघर या कॉलेजांच्या भागातल्या रद्दीवाल्यांकडे चक्कर मारा. वजनावर घेतलेली पुस्तकं पुढे जाण्याआधीचे ते दोन-तीन आठवडे सोन्यासारखे. तिथे नाही मिळालं तर माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळची जुन्या पुस्तकांची दुकानं बघा. ठाण्याहून धीम्या लोकलनं माटुंगा आणि पूर्वेला चालत; वाशी-नेरुळहून हार्बरनं वडाळा रोड, तिथे गाडी बदलून किंग्ज सर्कल. सुटे आयसी, सॉकेट, क्रिस्टल यांसाठी लॅमिंग्टन रोड: दादरला पश्चिम रेल्वे पकडायची आणि ग्रँट रोडला उतरायचं.

पुस्तक विकत घेण्याआधी उभ्या उभ्या तीन गोष्टी तपासा. मागच्या बाजूला सगळ्या सूचनांचा ऑपकोड तक्ता (कुठल्या सूचनेचा बाइट कुठला) आहे का? प्रत्येक सूचनेपुढे कुठले फ्लॅग (निकाल शून्य आला का, हातचा निघाला का, असं सांगणाऱ्या खुणा) बदलतात आणि किती टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात हे दिलं आहे का? सोडवलेल्या उदाहरणांत डाव्या बाजूला पत्ते आणि बाइट छापले आहेत, की नुसत्या सूचना? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर पानं पिवळी असली तरी घ्या. ऑपकोड तक्त्याचं पान फाटलेलं असेल तर सोडून द्या. झेरॉक्स प्रत घेताना बी आणि ८, डी आणि शून्य यांच्यातला फरक दिसतो का ते बघा. हेक्समध्ये ही चारही चिन्हं चालतात, त्यामुळे चुकीचं वाचलेलं डोळ्यांना खटकतसुद्धा नाही.

किट नसेल तर अडून बसू नका. जीएनयूसिम८०८५ हा मोफत सिम्युलेटर पहिले दोन महिने पुरतो. किट मिळालंच तर वीज देण्याआधी मॉनिटरच्या (किट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमच्या) ईप्रॉम चिपवर काचेची खिडकी उघडी आहे का बघा. उघडी असेल तर लगेच अपारदर्शक स्टिकर लावा, कारण थेट उन्हात साधारण आठवडाभरात ती चिप पुसली जाते. खाडीकाठच्या दमट हवेत आयसीचे पाय काळे पडतात. वीज बंद असताना आयसी सॉकेटमधून अलगद काढायचा, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे, खाच पूर्वीच्याच बाजूला ठेवून परत बसवायचा. 'किट मेलंय' म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी किटना एवढंच हवं असतं. ८०८५ला फक्त +५ व्होल्ट लागतात. मल्टिमीटरवर, आयसीच्या पायांवर मोजून, ४.७५ ते ५.२५च्या आत हवेत. पायांवर मोजायचं, पुरवठ्याच्या टोकांवर नाही, कारण जुन्या वायरींत आणि कनेक्टरांत बराच व्होल्टेज वाटेतच पडतो.

पुस्तकाचं यंत्र ओळखायच्या खुणा

सूचना 'मूव्ह', 'एमव्हीआय', 'एलएक्सआय' अशा असतील तर पुस्तक इंटेल घराण्याचं: ८०८० (१९७४) किंवा ८०८५ (१९७६). 'रिम' आणि 'सिम' या दोन सूचना तक्त्यात दिसल्या तर नक्की ८०८५, कारण ८०८०मध्ये त्या नाहीत. सगळीकडे 'एलडी' दिसलं तर झेड-८०.

मग आकडे कसे लिहिलेत ते बघा. ८०८०च्या काही जुन्या पुस्तकांत बाइट अष्टमानात (आठच्या पायावर) छापलेले असतात, आणि इथे फार वाईट फसगत होते. अष्टमान ०७६ म्हणजे हेक्स ३ई, 'एमव्हीआय ए'. पण हेक्स ७६ म्हणजे 'एचएलटी', थांबा. अष्टमानातली यादी हेक्स समजून भरली तर यंत्र पहिल्याच बाइटवर गप्प बसतं आणि तुम्ही किटला दोष देत राहता. ओळखायची खूण सोपी: यादीभर कुठेच ८, ९ किंवा अक्षर नसेल आणि प्रत्येक बाइट तीन अंकी असेल, तर ते अष्टमान.

तिसरी खूण पत्त्यांची. इंटेलच्या स्वतःच्या एसडीके-८५ किटमध्ये मूळ रॅम २५६ बाइटची, २००० ते २०एफएफ. ८०८५ची बरीच उदाहरणं त्यामुळेच २०००पासून सुरू होतात. तुमच्या किटची रॅम ८००० किंवा सी०००पासून असू शकते. किटच्या पुस्तिकेत मेमरी मॅप असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. पुस्तिका नसेल तर एखाद्या पत्त्यावर ५५ लिहा, पुढच्या पत्त्यावर जाऊन परत मागे या. ५५ टिकलं तर तिथे रॅम आहे. मग एए लिहूनही बघा, म्हणजे आधीपासूनच ५५ असण्याची शंका मिटते.

पहिला प्रोग्रॅम कागदावर

दोनशे पानी लाँग बुक घ्या आणि पानावर पाच रकाने आखा: पत्ता, बाइट, लेबल, सूचना, शेरा. आधी फक्त लेबल आणि सूचना लिहायच्या, मग तक्त्यातून बाइट, आणि पत्ते सर्वांत शेवटी. सिम्युलेटर हे काम चुटकीसरशी करतो हे खरं, पण पहिले दहा प्रोग्रॅम हातानंच करा. कुठली सूचना एक बाइटची, कुठली तीनची, आणि उडीचा पत्ता कुठून येतो, हे बोटांत बसायला दुसरा रस्ता नाही.

पाच संख्यांची बेरीज घेऊ. ए, बी, सी, एच वगैरे ही प्रोसेसरच्या आतली रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे; एम म्हणजे एच-एल जोडीतल्या पत्त्यावरचा बाइट. संख्या २०५०पासून ठेवल्या आहेत. बेरजेचा खालचा बाइट २०६०मध्ये आणि हातच्यांची संख्या २०६१मध्ये हवी आहे.

२०००: २१ ५० २० – एलएक्सआय एच, २०५०
२००३: ०ई ०५ – एमव्हीआय सी, ०५
२००५: एएफ – एक्सआरए ए
२००६: ४७ – मूव्ह बी, ए
२००७: ८६ – अ‍ॅड एम
२००८: डी२ ०सी २० – जेएनसी २००सी
२००बी: ०४ – आयएनआर बी
२००सी: २३ – आयएनएक्स एच
२००डी: ०डी – डीसीआर सी
२००ई: सी२ ०७ २० – जेएनझेड २००७
२०११: ३२ ६० २० – एसटीए २०६०
२०१४: ७८ – मूव्ह ए, बी
२०१५: ३२ ६१ २० – एसटीए २०६१
२०१८: सीएफ – आरएसटी १

एकूण २५ बाइट. पत्ता नेहमी उलटा लिहिला जातो, खालचा बाइट आधी: २००७ हा पत्ता '०७ २०' असा येतो. नवशिक्यांची सर्वाधिक चूक इथेच होते आणि लक्षण ठरलेलं आहे: प्रोग्रॅम ०७२०ला उडी मारतो, तिथे मॉनिटरची रॉम असते, आणि डिस्प्ले वेडावाकडा होतो. रीसेट दाबा, प्रोग्रॅम रॅममध्ये शाबूत असतो, फक्त ते दोन बाइट अदलाबदल करा.

आता २०५०पासून १०, २०, ३०, एफ०, ०५ भरा. 'गो' दाबण्याआधी वहीत माग काढा. दर फेरीला 'डीसीआर सी' झाल्यावर ए, बी आणि सी लिहायचे. ए येईल १०, ३०, ६०, मग ५० (इथे हातचा निघाला, बी झाला १), आणि शेवटी ५५. सी उतरत जाईल ४, ३, २, १, ०. म्हणजे २०६०मध्ये ५५ आणि २०६१मध्ये ०१ यायला हवेत. हे आधी वहीत लिहा आणि मगच चालवा. उत्तर माहीत नसताना चालवलेला प्रोग्रॅम काहीच शिकवत नाही, कारण जे दिसेल ते बरोबरच वाटतं.

मग त्याला छळा. पाचही संख्या एफएफ ठेवा: उत्तर एफबी आणि ०४. 'एमव्हीआय सी'मध्ये ०५ऐवजी ०० टाका: बेरीज शून्य येणार नाही. 'डीसीआर सी' शून्याचं एफएफ करतो, आणि फेरा २५६ वेळा फिरतो. पुस्तकं हे क्वचितच सांगतात.

शेवटची सूचना किटवर अवलंबून असते. एसडीके-८५मध्ये आरएसटी १नं ताबा मॉनिटरकडे जातो आणि रजिस्टर बघता येतात. दुसऱ्या किटमध्ये वेगळा आरएसटी असू शकतो, तो त्याच्या पुस्तिकेतून घ्यायचा. सिम्युलेटरमध्ये एचएलटी, म्हणजे ७६, टाका.

पत्ता बदलताना

तुमची रॅम ८०००पासून असेल तर हाच प्रोग्रॅम हलवायचा. वरच्या यादीत पत्त्याचा वरचा बाइट पाच ठिकाणी आहे: २००२, २००ए, २०१०, २०१३ आणि २०१७. त्या पाच जागी २०ऐवजी ८०, आणि सगळं ८०००पासून भरा. पण विदेतही (डेटातही) एक २० आहे, २०५१वर. तो आकडा आहे, पत्ता नाही; त्याला हात लावायचा नाही. 'दिसेल तो २० बदल' असं केलं की उत्तर ५५ऐवजी बी५ येतं, आणि चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

फ्लॅग, जिथे सगळे अडखळतात

पुस्तकातल्या फ्लॅगच्या प्रकरणाला दुप्पट वेळ द्या. तीन वाक्यं वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मूव्ह, एमव्हीआय, एलडीए, एसटीए कुठलाच फ्लॅग बदलत नाहीत. आयएनआर आणि डीसीआर हातच्याचा फ्लॅग सोडून बाकीचे बदलतात. आयएनएक्स आणि डीसीएक्स एकही बदलत नाहीत.

तिसऱ्या वाक्यानं फार जणांचा घात केला आहे. २५६पेक्षा जास्त फेरे हवे असतात, म्हणून बीसी जोडीत आकडा ठेवतात, 'डीसीएक्स बी' आणि लगेच 'जेएनझेड' लिहितात. डीसीएक्सनं शून्याचा फ्लॅग हललाच नाही, त्यामुळे जेएनझेड आधीच्या कुठल्या तरी सूचनेचा निकाल बघतो. फेरा एकदाच फिरतो किंवा कधीच थांबत नाही. उपाय चार सूचनांचा: डीसीएक्स बी, मूव्ह ए बी, ओआरए सी, जेएनझेड. बाइट ०बी, ७८, बी१, सी२ आणि पुढे पत्ता. यात ए वापरला जातो, म्हणून ए मध्ये बेरीज साठवत असाल तर ती आधी डी किंवा ई मध्ये हलवा.

दुसरं उदाहरण याहून फसवं आहे. ०० ते ९९ मोजणारा दशमान काउंटर: 'आयएनआर ए' आणि 'डीएए' (निकाल दशमानात बसवणारी सूचना). ९९पर्यंत सुरेख चालतो, मग ००, आणि त्यानंतर ०१ऐवजी ६१! ९९ नंतर ए झाला ९ए. डीएएनं त्याचा ०० केला आणि हातच्याचा फ्लॅग १ केला. पुढचा आयएनआर हातच्याला शिवत नाही, तो १ तसाच राहिला, आणि डीएएनं तो बघून ६० मिळवले. आयएनआरऐवजी 'एडीआय ०१' (सी६ ०१) लिहा, कारण बेरीज हातचा नव्यानं ठरवते. गंमत अशी की मध्ये विलंबासाठी वरचा ओआरएवाला फेरा असेल तर तो हातचा पुसून टाकतो आणि चूक झाकली जाते. विलंब बदलला की ती पुन्हा उगवते. 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीमागे बरेचदा असं काही असतं.

विलंबाचे आकडे पुस्तकातून घेऊ नका

सी मध्ये एफएफ घालून डीसीआर-जेएनझेडचा फेरा, एकूण सहा बाइट, प्रत्येक पुस्तकात असतो. तो तीन यंत्रांवर मोजून बघा. २ मेगाहर्ट्झच्या ८०८०वर डीसीआरला ५ टी-स्टेट आणि जेएनझेडला नेहमी १०: एकूण ३८३२, म्हणजे १.९२ मिलिसेकंद. ८०८५वर डीसीआर ४, जेएनझेड उडी मारली तर १०, नाही मारली तर ७: एकूण ३५७४. क्रिस्टलवर ६.१४४ लिहिलं असेल तर प्रोसेसर त्याच्या निम्म्यावर, ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणून १.१६ मिलिसेकंद. ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड-८०वर ३५७७ टी-स्टेट, १.०२ मिलिसेकंद. बाइट तेच, वेळ जवळजवळ निम्मा. क्रिस्टलवरचा आकडा न वाचता पुस्तकातला विलंब उचलला तर एलईडी लुकलुकण्याऐवजी नुसता मंद पेटलेला दिसेल.

प्रकरणांचा क्रमही पुस्तकाप्रमाणे ठेवायची गरज नाही. विदा हलवणं, फेरे, फ्लॅग, स्टॅक आणि सबरूटीन, दशमान, विलंब, मग इंटरप्ट. ८२५५, ८२७९ वगैरे जोड-चिपांची प्रकरणं समोर किट नसेल तर बाजूला ठेवा. स्टॅकबद्दल (आकडे तात्पुरते एकावर एक ठेवायची रॅममधली जागा) एवढं पक्कं असू द्या: जितके पुश (ठेवणं) तितके पॉप (काढणं), उलट्या क्रमानं, आणि स्टॅक पॉइंटर रॅमच्या अगदी टोकावर ठेवायचा नाही, कारण तिथले काही बाइट बहुतेक मॉनिटर स्वतःसाठी राखतात.

तोच प्रोग्रॅम स्पेक्ट्रमवर

झेड-८०ही १९७६चाच, आणि ८०८०चे बाइट त्यावर चालतात. सूचनांची नावं तेवढी वेगळी: एलएक्सआय एच म्हणजे एलडी एचएल, जेएनझेड म्हणजे जेपी एनझेड. रिम आणि सिमचे बाइट (२० आणि ३०) मात्र झेड-८०वर सापेक्ष उड्या आहेत, म्हणून ते असलेला प्रोग्रॅम हलवायचा नाही. आणि शेवटचा सीएफ इथे घातक: स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये ती वाट एरर दाखवण्याची आहे. त्याऐवजी सी९, म्हणजे परत फिरा. बेसिक भाषेतलं यूएसआर (भरलेला प्रोग्रॅम चालवणारा आदेश) परतताना बीसी जोडीतला आकडा हातात देतं, त्यामुळे निकाल साठवायचीही गरज नाही. जेएनझेडनंतर फक्त 'एलडी सी, ए' (४एफ) आणि सी९.

फ्यूज हा मोफत एम्युलेटर उघडा, मशीन ४८केचं निवडा. बेसिकमध्ये आधी क्लिअर ३२७६७. मग ३२७६८पासून पोकनं (मेमरीत लिहिण्याचा आदेश) हे १९ दशमान आकडे भरा: ३३, ८०, १२८, १४, ५, १७५, ७१, १३४, २१०, १२, १२८, ४, ३५, १३, १९४, ७, १२८, ७९, २०१. भरून झाल्यावर पीकनं (मेमरी वाचण्याचा आदेश) परत वाचून बेरीज करा, १६५१ यायला हवी. ३२८४८पासून विदा: १६, ३२, ४८, २४०, ५. शेवटी प्रिंट यूएसआर ३२७६८.

उत्तर ३४१. त्याऐवजी ८५ आलं तर हातचा मोजला गेला नाही. २१०, १२, १२८, ४ हे चार आकडे तपासा. २५६ आलं तर ७९च्या जागी शून्य राहिलं आहे. ३३६ आलं तर फेरा चारच वेळा फिरला, म्हणजे १४च्या पुढचा ५ चुकला. पडदा पांढरा होऊन यंत्र पुन्हा सुरू झालं तर १२८ असलेल्या तीन जागांपैकी शेवटच्या दोन बघा, उडी भलतीकडे गेली आहे.